चालू करू नका

आमच्या घरात क्रियापदांना फारशी रूपं नव्हती. आण, दे, वाढ, ठेव, उचल, सर तिकडं, गप बस. पळसदेवला हायवे सोडून उजनीच्या पाण्याकडं गेलं की आमची वस्ती लागायची. सकाळी जाग यायची ती रस्त्यावरच्या ट्रकांच्या घरघरीनं, मागच्या पाण्याच्या मोटारीच्या आवाजानं आणि आईच्या भाकरी थापण्यानं. त्या तिन्ही आवाजांवर चढणारा आवाज अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. उठल्याउठल्या त्यांचा पहिला शब्द यायचा, "पाणी." त्यात क्रियापदसुद्धा नसायचं. पाण्यानं काय करायचं ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं, आणि ऐकणारी बहुतेक आई असायची, ती नसली तर मी. अण्णा वाईट माणूस नव्हते. बाजारातून येताना आईला आवडते म्हणून न विसरता ताजी चिलापी मासळी आणायचे, कालवणातला पहिला तुकडा मला द्यायचे. पण तो तुकडा देतानाही म्हणायचे, "खा." मला हवंय का, हे त्या घरात कुणी कुणाला विचारत नव्हतं.

आईला आज्ञा करता येत नव्हती. म्हणजे मला करायची, धाकट्या भावाला करायची, म्हशीला तर दिवसभर करायची. पण अण्णांना नाही, आजीला नाही, चुलत्यांना नाही. त्यांना ती फक्त बातम्या द्यायची. "मीठ संपलंय." "पाणी तापलंय." "पाव्हणं आल्यात." या प्रत्येक बातमीच्या पोटात एक आज्ञा असायची, पण ती बाहेर काढून समोरच्याच्या हातात द्यायची तिची छाती नव्हती. मीठ दोन दिवस आलं नाही तर ती तिसऱ्या दिवशी तीच बातमी पुन्हा द्यायची, त्याच आवाजात. लोक याला तिचा सोशिकपणा म्हणत. सोशिक या शब्दाची मला आजही चीड येते. तो शब्द वापरणारा कुणी कधी स्वतः सोसत नसतो.

मी बारामतीला कॉलेजात होते. भिगवणला गाडी बदलायची, उभ्यानं जायचं, उभ्यानं यायचं. कॉलेजच्या मागच्या गल्लीत शैला मॅडमचं घर होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मॅडम तरुणपणी बरीच वर्षं स्पेनमध्ये राहिल्या होत्या. नवरा गेल्यावर माहेरच्या गावी येऊन पुढच्या खोलीत स्पॅनिश शिकवायच्या. मी तिथं का गेले, याचं भारदस्त कारण माझ्याकडं नाही. वर्गातली एक मैत्रीण चालली होती आणि परतीच्या गाडीला वेळ असायचा. मैत्रीण महिन्याभरात सुटली, मी राहिले. अण्णा म्हणाले, "ही भाषा बोलतं कोण? भिगवणच्या बाजारात काय स्पॅनिश लोक मासं घ्यायला येत्यात व्हय?" पण बंद कर म्हणाले नाहीत. मुलगी काहीतरी अवघड शिकतेय, याचं त्यांना आतून बरं वाटत असावं.

एक दिवस मॅडमनी आज्ञार्थ काढला. खोलीत आम्ही पाचसहा जण. त्या म्हणाल्या, प्रत्येकानं शेजाऱ्याला एक काम सांगायचं आणि शेजाऱ्यानं ते उठून करायचं. माझ्या शेजारी गावातल्या डॉक्टरांचा मुलगा होता. मला खिडकी उघडायला सांगायची होती. मी स्पॅनिशमध्ये म्हणाले, "तू खिडकी उघडू शकशील का?" मॅडम म्हणाल्या, "ती विनंती झाली. मी आज्ञा मागितली." मग मी म्हणाले, "खोलीत उकडतंय." म्हणजे परक्या भाषेतही मी आईसारखी बातमीच दिली. मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "रोहिणी," त्या म्हणाल्या, "शब्द येतोय तुला. मग अडतंय कुठं?" मला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचा राग आला. त्या रागातच मी म्हणाले, "आब्रे ला बेंताना." उघड खिडकी. तो मुलगा उठला आणि त्यानं खिडकी उघडली. एवढंच झालं. पण माझ्या सांगण्यावरून एक पुरुष उठला, असं माझ्या आयुष्यात तोवर घडलं नव्हतं.

मग मॅडमनी नकार शिकवला, आणि ते मला फार नीट समजलं. आपल्याला वाटतं, होकाराला एक 'नको' जोडला की नकार झाला. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाशी बोलताना तसं चालत नाही. उघड म्हणजे 'आब्रे'. पण उघडू नकोस म्हणजे 'नो आब्रे' नव्हे, 'नो आब्रास'. नकार आला की क्रियापदच बदलतं. आणि 'ती' किंवा 'ते' असा बारका शब्द असेल, तर होकारात तो क्रियापदाच्या मागं चिकटतो, नकारात सुटून पुढं येतो. मॅडम म्हणाल्या, "लक्षात ठेवा, गोंगाटात 'नो' ऐकू आला नाही तरी पुढच्या शब्दावरून कळतं, माणूस कर म्हणतोय की करू नको म्हणतोय." त्यांनी ते परीक्षेसाठी सांगितलं होतं.

पदवी झाली त्या सुमाराला इंदापूरच्या बाजूला डाळिंबाचं एक पॅकहाउस उभं राहत होतं. आमची डाळिंबं तिथंच जायची. स्पेनहून फळं धुण्याची आणि प्रतवारी करण्याची मशीन आली आणि ती बसवायला रामोन नावाचा एक इंजिनीअर आला. त्याला इंग्रजी जेमतेम, मराठी शून्य. माल घालायला गेलेल्या अण्णांनी ते ऐकलं आणि ऑफिसात जाऊन सांगितलं, "माझी पोरगी बोलती ही भाषा." ते सांगताना त्यांची मान कशी ताठ झाली असेल, ते मला न बघताही दिसतं. आठ दिवसांत मी दुभाषी म्हणून रुजू झाले. त्या दिवशी अण्णा मला स्वतः गाडीवर सोडायला आले आणि गेटवरच्या माणसालाही सांगून गेले.

रामोन मोठ्या पोटाचा, मिशाळ, कामात कडक माणूस होता. माझ्याशी एकेरीत बोलायचा, त्यांच्याकडं तशीच रीत. पण लाइनवरच्या बायकांशी बोलायचा तेव्हा आदरार्थी रूप वापरायचा, कारण त्या वयानं मोठ्या होत्या. तो म्हणायचा, मी त्याचं मराठी करायचे. "हात मोकळे ठेवा." "केस टोपीत घाला." "खराब फळ डावीकडे टाका." दुसऱ्याच दिवशी मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. काळेसाहेब त्यांचं नाव. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"एवढं करा-ठेवा कशाला?" ते म्हणाले. "मजूर आहेत त्या. ठेव, टाक, उचल, एवढं बास. तुमच्या त्या 'करा'मुळे चढून बसतील."

"तो आदरानं बोलतोय, साहेब. तो बोलतोय तसंच मी सांगते."

"पगार तो देतो का तुम्हाला?"

मी 'करा' सोडलं नाही. काळेसाहेबांनी ते लक्षात ठेवलं. ज्यांना आज्ञा करायची सवय असते, त्यांना दुसऱ्याच्या साध्या प्रत्ययातही बंड दिसतं.

लाइनवर छबूमावशी होत्या. डाळज गावच्या. सकाळी टेम्पोतून बायका यायच्या, त्यात सगळ्यात आधी त्यांचा आवाज उतरायचा. पन्नाशीच्या, बारीक, काटक. डाळिंब हातात घेतलं की न बघता त्याची प्रत सांगायच्या. रामोनला त्यांनी पहिल्याच आठवड्यात रामण्णा करून टाकलं. रामोन दिवसातून शंभरदा ओरडायचा, 'कुइदादो', म्हणजे सांभाळून. मावशींनी तो शब्द उचलला. जेवणाच्या सुट्टीत कुणी त्यांच्या डब्यातल्या ठेच्याला हात घातला की त्या म्हणायच्या, "कुइदादो गं बाय, जीभ जळंल." मला त्या जबरदस्तीनं शेजारी बसवायच्या, भाकरीचा चतकोर हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "त्या लोकात नवऱ्याला काय म्हनून हाक मारत्यात?" नावानंच, मी म्हणाले. "नावानं," त्यांनी नुसतं म्हणून बघितलं आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसल्या.

त्या दिवशी सकाळपासून लाइन अडत होती. ब्रशच्या रोलरमध्ये पाला आणि फुटलेल्या फळांची सालं अडकत होती. बाहेर कंटेनर उभा होता आणि काळेसाहेब दर थोड्या वेळानं येऊन बघून जात होते. रामोननं मशीन थांबवायला लावली, रोलरवरची जाळी काढली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन साखळीखाली वाकला. तिथून त्यानं मान वर करून मला ओरडून सांगितलं, "नो ला आर्रांकेस." ती चालू करू नकोस. म्हणजे, कुणाला करू देऊ नकोस. मी हात वर करून सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "मशीन चालू करू नका. कुणीही चालू करू नका." बटणापाशी बापू होता, मशीन चालवणारा. त्यानं मान हलवली.

तेवढ्यात काळेसाहेब आले. "का थांबलंय?"

"ताई चालू करू नका म्हणत्यात," बापू म्हणाला.

"त्या कोण सांगणार? चालू कर."

मी धावत पुढं गेले. "साहेब, नका. रामोन आत वाकलाय, तो नको म्हणतोय."

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ते बापूकडं बघत होते. "तुला सांगितलेलं कळत नाही का? चालू कर."

बापूनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. आणि बटण दाबलं.

रामोन वाचला. साखळीला हात लावायच्या आधीच आवाज ऐकून तो मागं पडला. किंकाळी आली ती मधल्या रोलरपासून. मी वळले तेव्हा छबूमावशींचा उजवा हात मनगटापर्यंत आत होता. बापूनं बटण बंद केलं, पण मशीन लगेच थांबत नाही. डाळिंबाचा रस आधीच सगळीकडं उडालेला होता, त्यामुळं रक्त कुठलं आणि रस कुठला ते क्षणभर कळेना. आजही मी डाळिंब सोलत नाही. घरी कुणी सोललं तर खोलीतून उठून जाते.

बारामतीच्या दवाखान्यात त्यांना नेलं. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. आणि त्याच संध्याकाळी, मावशी ऑपरेशनच्या टेबलावर असताना, पॅकहाउसच्या ऑफिसात ठरलं की हा भाषेचा घोटाळा आहे.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मालक आले. मला आत बोलावलं. काळेसाहेब उभे राहून शांतपणे सांगत होते, "पाहुणा म्हणाला चालू करू नका, या पोरीनं गडबडीत सांगितलं चालू करा. आवाज होताच. नवीन आहे, चूक होते माणसाकडून." इतकं सहज, इतकं सहानुभूतीनं. एखाद्यानं खोटं रागानं सांगावं, माणूस त्याच्याशी भांडू शकतो. त्यांनी माझ्यावर दया दाखवत खोटं सांगितलं. मी म्हणाले, मी 'करू नका' म्हणाले, बापूला विचारा, बायकांना विचारा. बापूला बोलावलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "आवाज लई होता साहेब, काय कळलं न्हाय." बायका दारातून आत आल्याच नाहीत. त्यांना सांगितलं होतं म्हणे, कामावर राहायचंय ना.

मग मी व्याकरण सांगायला लागले. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण माझ्याकडं दुसरं हत्यारच नव्हतं. मी मालकांना सांगितलं, साहेब, चालू कर म्हणजे 'आर्रांकाला'. चालू करू नकोस म्हणजे 'नो ला आर्रांकेस'. ऐका, दोन्ही शब्द किती वेगळे आहेत. 'नो' ऐकू आला नाही तरी क्रियापद बदलतं, 'ला' पुढं येतो, यात गल्लत होऊच शकत नाही. मालक सभ्यपणे ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मी म्हणाले, रामोनला विचारा. रामोनला आणलं. तो लाल होऊन, टेबलावर हात आपटून बोलला, की ह्या मुलीनं दोन वेळा सांगितलं, ह्या माणसानं ऐकलं नाही. तो थांबला आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण त्याचं मराठी करायचं होतं मलाच. मी केलं. शब्दाला शब्द. मालक म्हणाले, "म्हणजे विचारणार तुम्हीच, आणि उत्तर सांगणारही तुम्हीच." काळेसाहेब किंचित हसले.

शैला मॅडम स्वतःहून आल्या. इंदापूरपर्यंत एसटीनं, पुढं रिक्षानं. रामोनशी बोलल्या, बाहेर येऊन मालकांना म्हणाल्या, मुलगी खरं सांगतेय. काळेसाहेबांनी विचारलं, "तुमचीच विद्यार्थिनी ना?" मॅडम म्हणाल्या, "हो, आणि म्हणूनच मला माहिती आहे." पण ते वाक्य तिथं कुणी घेतलंच नाही. जाताना त्या मला गेटपाशी म्हणाल्या, "रोहिणी, काहीही झालं तरी न केलेलं कबूल करू नकोस." पर्सची चेन त्यांना लावता येईना. मला वाटलं वयानं. तो राग होता, हे मला आता त्यांच्या वयाकडं जाताना कळतंय.

मालकांनी आणि काळेसाहेबांनी वाट काढली होती ती अशी: मी छबूमावशींची माफी मागायची, सगळ्यांसमोर, दवाखान्यात. माझ्यावर काही कारवाई नाही. मावशींचा खर्च पॅकहाउस करणार. विषय संपला. हा निरोप अण्णांकडं गेला, माझ्याकडं नाही. दिवेलागणीला अण्णा ओसरीवर बसले होते. आई आत चूल पेटवत होती. मी हातपाय धुऊन आले तशी ते म्हणाले, "उद्या जायाचं दवाखान्यात. माफी माग आन् मोकळी हो."

"मी काय केलंय?"

"केलंस का न्हाय, त्ये कोन इचारतंय? आपला माल जातुया तितं. चार लोकांत मीच सांगितलं व्हतं, माझी पोरगी बोलती म्हनून. आता त्येच लोक इचारत्यात, काय बोलली ओ तुमची पोरगी? माफी माग. दोन शब्दांचं काम हाय."

ज्या तोंडानं त्यांनी माझी भाषा मिरवली, त्याच तोंडानं ते मला ती खोटी पाडायला सांगत होते. मी म्हणाले, "अण्णा, मला माफी मागायला सांगू नका."

त्यांना 'नका' असं त्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. मग ते उठले, पायात वहाणा घालताना ओरडले, "ऐकतीस का, काय म्हणतीय तुझी लेक?"

आई दारात आली. हाताला पीठ होतं. "ती मागनार न्हाय म्हनतीय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, रोजच्यापेक्षा जोरात. अण्णा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. आम्ही दोघी जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी गेले. माफी मागायला नाही, मावशींना बघायला. वॉर्डात मालक होते, काळेसाहेब होते, मावशींची सून होती. अण्णा खिडकीपाशी पाठ करून उभे होते. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. हाताचं एवढं मोठं पांढरं गाठोडं झालं होतं आणि ते त्यांनी मांडीवर, दुसऱ्याचं मूल घ्यावं तसं धरलं होतं.

काळेसाहेब म्हणाले, "ही रोहिणी. हिला तुम्हाला काही सांगायचंय."

मी मावशींच्या हाताकडं बघत राहिले.

"सांग ना," ते म्हणाले. एकेरीत. "माफी माग."

मावशींनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "ती कशापायी माफी मागंल?" त्या म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण स्पष्ट होता. "ती वरडून म्हनली, चालू करू नका. म्या ह्या कानांनी ऐकलं. दोनदा ऐकलं."

"गोंगाट होता, मावशी," काळेसाहेब म्हणाले. "तुम्हाला नीट आठवत नसेल. औषधांची गुंगी असते."

"गुंगी न्हाय." त्यांनी तो पांढरा हात थोडा उचलला. "ती चालू करू नका म्हनली, म्हनून तर म्या हात आत घातला. न्हायतर मला काय येड लागलंय व्हय? जाळी काढल्याली, सालं अडाकल्याली. म्हटलं पोरगी सांगतीया, आता कोन बटन दाबत न्हाय. तवर काढून घिऊ."

मालकांनी काळेसाहेबांकडं बघितलं आणि मग जमिनीकडं. काळेसाहेब एवढंच म्हणाले, "बघू, बघू." अण्णा खिडकीपासून वळले. त्यांना माझ्याकडं बघता येईना.

मी निर्दोष ठरले होते. त्या सबंध शेडमध्ये माझी आज्ञा एकाच माणसानं खरी मानली होती, आणि त्याच माणसाची बोटं गेली होती. मी खाटेपाशी बसले. मावशींनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "तू का रडतीस? तू बरूबर बोललीस." मला दुःख झालं होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला होता, इतका की दात दुखायला लागले होते. त्या बाईला तिच्या विश्वासाची शिक्षा झाली होती, आणि ज्यानं ती दिली तो खिशातली पेनं सारखी करत उभा होता.

पुढं काय झालं तेही सांगते. बापूला काढलं, कारण बटण त्यानं दाबलं होतं. काळेसाहेबांना थोडे महिने दुसऱ्या ठिकाणी पाठवलं आणि मग परत आणलं. मावशींना गेटवर बसवलं, येणाऱ्या बायकांना टोप्या वाटायला; पुढं तेही काम गेलं. रामोन काम अर्धं टाकून गेला. मी राजीनामा दिला आणि पुण्याला जाऊन स्पॅनिशच पुढं शिकले. अण्णा काही महिने माझ्याशी बोलले नाहीत, पण पुढचा माल त्यांनी तिथं घातला नाही. का ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मावशी गेल्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या डाव्या हातानं भाकरी थापायला शिकत होत्या, आणि ती कधी गोल झाली नाही.

आता मी बारामतीत राहते, मुलांना स्पॅनिश शिकवते. मुलं पडद्यावरूनही शिकतात, हुशार असतात, आज्ञार्थाचा धडा एका बैठकीत संपवतात. मी मात्र नकाराला सगळ्यात जास्त दिवस घेते. त्यांना ते कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

मागच्या हंगामात इंदापूरला एका लग्नाला गेले होते. जेवणं चालली होती. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "रोहिणी ना तुम्ही?" वळून बघितलं तर काळेसाहेब. म्हातारे झालेले, हातात काठी, पण इस्त्री तशीच. फार आनंद झाल्यासारखे बोलले. नातीला परदेशात शिकायला जायचंय, तिला तुमच्याकडं पाठवतो, आपलीच माणसं तुम्ही. मी म्हणाले, नातीला जरूर पाठवा, तिचा काही दोष नाही. आणि विचारलं, छबूमावशींच्या घरी कधी गेला होतात का नंतर?

ते आठवायला लागले. मनापासून आठवत होते, तेच तर भयंकर होतं. "कोण छबू?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"डाळजच्या," मी म्हणाले. "लाइनवर होत्या. तुम्ही बापूला मशीन चालू कर म्हणालात."

आजूबाजूचे लोक खाता खाता थांबले. काळेसाहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या जवळ वाकून म्हणाले, "हळू बोला, लग्नघर आहे."

मी त्यांना खुर्ची ओढून दिली, बसा म्हणाले, आणि त्या सकाळपासून सगळं सांगायला सुरुवात केली, मांडवाच्या शेवटच्या टोकालाही ऐकू जाईल अशा आवाजात.